वाचता न येणारी मराठी : ब्राउझरच्या इतिहासातील एक प्रकरण

मराठवाड्यातील गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला लिपीची अडचण नवी नाही. निजामी राजवटीचे महसुली कागद काही उर्दूत, काही मोडीत. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली, तेव्हा या लिप्या जाणणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. कागद शाबूत होता; वाचणारे मोजके उरले होते.

पूर्णा तालुक्यातील ताडकळस या माझ्या गावाविषयी साधने जमवताना मला हीच अडचण अवघ्या वीस वर्षांपूर्वीच्या मराठीत आढळली. एका दैनिकाच्या संकेतस्थळावरून त्या काळी उतरवून ठेवलेली पाने मी लिनक्सवरील फायरफॉक्समध्ये उघडली. बाजार, पाऊस, निवडणुका यांच्या बातम्यांऐवजी दिसली ती इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची रांग. ही मराठी कुलूपबंद कशी झाली, आणि तिची एक किल्ली वेग व मेमरीच्या हिशेबात कशी बाद झाली, हे येथे नोंदवायचे आहे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे मानकही त्याच वर्षीचे. तरीही छापखान्यांत आणि वृत्तपत्रांत चलन राहिले ते श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांचे. त्यांची युक्ती सोपी होती. संगणक ज्याला इंग्रजी अक्षर समजतो, त्याच्या जागी देवनागरी आकार बसवायचा. प्रत्येकाची बसवणूक वेगळी. फाँट हाताशी असेपर्यंत मजकूर मराठी. तो नसला की नुसती खूणगाठ.

संकेतस्थळांनी यावर तोड काढली, ती पानासोबत फाँटही धाडण्याची. नेटस्केपसाठी ‘ट्रूडॉक’ आणि इंटरनेट एक्स्प्लोररसाठी मायक्रोसॉफ्टचे ‘ईओटी’ अशा दोन पद्धती होत्या. नेटस्केप मागे पडले आणि ईओटी उरले. ते एक्स्प्लोररखेरीज कुठेच उघडत नसे. लिनक्सवरच्या वाचकाला मराठी दैनिक अशा रीतीने बंद झाले.

ही कोंडी फोडण्याचे काम ‘पद्मा’ या फायरफॉक्सच्या ॲड-ऑनने केले. तेलुगूपासून सुरू झालेले हे ॲड-ऑन पुढे तमिळ, मल्याळम, देवनागरी अशा लिप्यांपर्यंत पोहोचले. पान उघडताच ते फाँट ओळखी आणि मजकूर जागच्या जागी युनिकोडमध्ये उतरवी. एका अर्थाने ते ब्राउझरमध्ये बसवलेला मोडीवाचकच होते.

युनिकोडमध्ये आलेला मजकूर पडद्यावर नीट उमटवणे हीदेखील वेगळी मेहनत होती. ‘दिवाळी’ हा शब्द घ्या. साठवताना आधी ‘द’ आणि मग वेलांटी; दाखवताना मात्र वेलांटी आधी. शिवाय रफार आणि जोडाक्षरे. लिनक्सवर हे काम ‘पँगो’ ही प्रणाली करी. पण तिच्यामुळे ब्राउझर मंदावतो, अशी तक्रार होती. फायरफॉक्स २च्या काळात, म्हणजे २००६च्या सुमारास, वेग हवा असेल तर पँगो बंद करा, हा लिनक्सवाल्यांचा ठरलेला सल्ला असे. इंग्रजी वाचणाऱ्याचे त्यात काही बिघडत नव्हते. मराठी वाचणाऱ्याच्या वेलांट्या मात्र जागा सोडत. जून २००८मध्ये फायरफॉक्स ३ आला आणि पँगोचा वापर सरसकट झाला. पुढे हे काम ‘हर्फबझ’कडे गेले. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे खुले. आमच्या भागात उर्दूच्या संगतीने वाढलेल्यांना यातला पहिला शब्द तरी परका नाही.

मग मेमरीचा प्रश्न आला. जुनी ॲड-ऑन ब्राउझरच्या अंतरंगात कुठेही हात घालू शकत. पद्मासारखे काम त्यामुळेच शक्य होते. पण त्यामुळेच बंद केलेल्या पानाची मेमरीही अडकून राही. मोझिलाने २०११मध्ये ‘मेमश्रिंक’ मोहीम सुरू केली. ऑगस्ट २०१२च्या फायरफॉक्स १५मध्ये ॲड-ऑनमुळे होणारी मेमरीची गळती बरीच रोखली गेली. २०१६पासून ब्राउझर अनेक प्रक्रियांत विभागला जाऊ लागला. जुन्या ॲड-ऑनांची सारी गृहीतके त्याने मोडली. त्याच सुमारास मोझिलाची सही नसलेली ॲड-ऑनही नाकारली जाऊ लागली. अखेर १४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्स ५७ आला आणि जुन्या पद्धतीची सर्व ॲड-ऑन एका दिवसात निकालात निघाली. पद्मा त्याच पद्धतीचे होते.

या निर्णयाला निव्वळ मनमानी म्हणता येणार नाही. जुनी मोकळीक घातकही होती, आणि कमी मेमरीच्या संगणकांवर नवा ब्राउझर अधिक सुसह्य झाला. गावोगावी जुन्या यंत्रावर लिनक्स चालवणाऱ्यांना याचा लाभच झाला. पण किल्ली दुसऱ्याच्या घरात ठेवण्यातला धोकाही यातून दिसला. ४ मे २०१९ रोजी एका प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा जगभरच्या फायरफॉक्समधील ॲड-ऑन एकाएकी बंद पडली. ती काही दिवसांत सावरली. क्रोमनेही २०२४पासून जुन्या पद्धतीची ॲड-ऑन हटवायला घेतली. प्रत्येक वेळी निर्णय दूर कुठेतरी झाला. त्यात वेगाचा विचार झाला, सुरक्षेचा झाला. एखाद्या भाषेच्या दहा वर्षांच्या मजकुराचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

तो मांडण्याचे काम आपलेच होते. ॲड-ऑन हा दुभाष्या आहे. तो घरी आहे तोवर दप्तराचे भाषांतर करून घ्यायचे असते. वाचताना क्षणापुरते युनिकोड होणारे पान साठवतानाही युनिकोडमध्ये ठेवले असते, तर पद्मा गेल्याने फार बिघडले नसते. वृत्तपत्रांनी नवी पाने युनिकोडमध्ये काढली, जुनी मात्र तशीच सोडली किंवा काढून टाकली.

हा प्रश्न वृत्तपत्रांपुरता नाही. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा १९०९चा दिवाळी अंक पहिला मानला जातो. त्याची प्रत हाती आली, तर कोणताही साक्षर मराठी माणूस ती आज वाचू शकेल. पण गेल्या तीस वर्षांतले कितीतरी दिवाळी अंक आणि पुस्तके अक्षरजुळणीकारांच्या संगणकांत जुन्या फाँटांच्या फायली म्हणून पडून आहेत. ते फाँट आणि त्यांचे तक्ते अजून मिळतात, ती जुळणी करणारे हातही आहेत. मोडीच्या बाबतीत आपण वाचणारे संपत आल्यावर जागे झालो. या फायलींचे रूपांतर मात्र आजच्या आज हाती घेता येते, आणि तेही कोणत्याही ब्राउझरची परवानगी न मागता.