टल्साची पुरलेली मोटार

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याला १९५७ साली ५० वर्षे झाली, तेव्हा टल्सा शहराने कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडिअर मोटार न्यायालयाच्या आवारात पुरली. ती २००७ साली बाहेर काढायची होती. तोवर शहराची लोकसंख्या किती होईल, याचा सर्वांत जवळचा अंदाज वर्तवणाऱ्याला ती बक्षीस मिळणार होती. पुढे पेट्रोल मिळेल न मिळेल, म्हणून तेही सोबत ठेवले गेले.

तयारीत कसर नव्हती. गाडीवर गंजरोधक वंगणाचा थर, त्यावर प्लास्टिकचे वेष्टन आणि भोवती काँक्रीटची कोठी. अणुबॉम्बलाही ही कोठी दाद देणार नाही, असे सांगितले जाई. काळ शीतयुद्धाचा होता, त्यामुळे धास्ती आकाशाची होती. जमिनीतल्या पाण्याची फारशी कोणाला नव्हती.

जून २००७ मध्ये कोठी उघडली, तेव्हा आत काही फूट पाणी साचलेले होते. सोनेरी-पांढऱ्या गाडीचा तांबडा सांगाडा उरला होता. शेजारीच पुरलेली, झाळून बंद केलेली पोलादी पेटी मात्र आतून कोरडी निघाली. तिच्यातला ४८ ताऱ्यांचा राष्ट्रध्वजही शाबूत होता. पेटीला सांधा उरला नव्हता. मोटारीच्या अंगात मात्र पत्र्यावर पत्रा चढवलेले सांधे आणि पोकळ पट्ट्या असंख्य असतात. तिथे वंगण पोचत नाही, पण पाणी पोचते आणि लवकर वाळत नाही. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो सांधे आतून उकलत नेतो.

गंजायला गाडी बुडावीच लागते असे नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ व्हर्नन यांनी १९३०च्या दशकातच दाखवले होते की, हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांपलीकडे गेली आणि हवेत गंधकाचे वायू असले, की गंज एकदम वेग घेतो. अशा वेळी घट्ट प्लास्टिक उलटेच काम करते: आत शिरलेला दमटपणा ते कोंडून ठेवते.

गंज उतरवण्यासाठी बेल्व्हेडिअर न्यू जर्सीत गेली. तिथे बरीच वर्षे काढून ती २०१७ साली इलिनॉयमधल्या संग्रहालयात पोचली. धावण्याजोगी मात्र झाली नाही.

जुन्या गाड्या सांभाळणारे आता वेष्टनापेक्षा हवेकडे लक्ष देतात. पोकळ भागांत मेण किंवा लोकरीतून निघणारे लॅनोलिन फवारतात, वर हवा खेळेल असे कापड घालतात आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखतात. त्याहून फार खाली आणली, तर आसनांचे कातडे आणि लाकडी भाग तडकू लागतात.