रॉकेलच्या ज्योतीची कुळकथा

चिमणी करायला फार काही लागत नसे. औषधाची रिकामी बाटली, तिच्या पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने पाडलेलं भोक, त्यात बसवलेली बोटभर पत्र्याची नळी आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीची वात. बाटलीत रॉकेल ओतलं की दिवा तयार. आंबेगावच्या पश्चिमेला आहुपे, तिरपाडकडे आणि जुन्नरच्या घाटघर, नाणेघाट अंगाला वीज पोहोचण्याआधी रात्री निभावल्या त्या अशाच दिव्यावर. याच उजेडात भाकरी थापल्या गेल्या, गोठ्यातली गाय व्याली, पोरांनी बाराखडी गिरवली. आणि याच दिव्याने भिंती काळ्या केल्या, सकाळी नाक शिंकरलं की काळं येई.

चिमणी एवढी काजळी का धरते, हे समजलं की रॉकेलच्या दिव्याची आणि स्टोव्हची सगळी वंशावळ उलगडते. ज्योत पिवळी दिसते ती कार्बनच्या कणांमुळे. वातीतून वर आलेल्या रॉकेलची वाफ होते, ज्योतीच्या पोटात ती तापून फुटते आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते तापून उजळतात. आपल्याला दिसतो तो त्यांचा उजेड. ज्योतीच्या टोकाशी जाईपर्यंत हे कण जळून गेले पाहिजेत. हवा कमी पडली तर ते तसेच बाहेर निसटतात, आणि त्यांनाच आपण काजळी म्हणतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हे मोजलं गेलं. साध्या वातीच्या दिव्यात जळणाऱ्या रॉकेलचा ७ ते ९ टक्के भाग काजळी होऊन हवेत जातो, असं त्यात आढळलं. एवढं करून उजेड किती? साधारण १० ल्यूमेन. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब ७००च्या आसपास देई.

म्हणजे दिव्याला कार्बनचे कण हवेत, पण ते ज्योतीतच जन्मून ज्योतीतच संपायला हवेत. स्टोव्हला मात्र ते मुळीच नकोत. भांड्याच्या बुडाशी काजळी धरली की उष्णता वाया गेली. इंधन एकच, पण गरजा उलट. त्यामुळे रॉकेलच्या ज्योतीचं घराणं सुरुवातीलाच दोन शाखांत फुटलं.

दिव्याची शाखा रॉकेलहूनही जुनी आहे. आपल्याकडे पणतीत करडईचं, एरंडीचं, करंजाचं तेल जळे. ते घट्ट असल्याने वातीतून फार वर चढत नाही, म्हणून पणती उथळ. स्वित्झर्लंडच्या एमे आर्गां यांनी १७८०च्या दशकात वात पोकळ नळीसारखी गोल केली. ज्योतीला बाहेरून हवा मिळेच, आता आतूनही मिळू लागली. वर काचेची नळी ठेवल्याने हवेचा ओढाही वाढला. पुढे रॉकेल आलं. पातळ तेल, वातीतून वीतभर सहज चढणारं. इग्नासी लुकासिएविच या औषधविक्रेत्याने त्यासाठी घडवलेला दिवा ३१ जुलै १८५३ रोजी ल्विव्हच्या रुग्णालयात एका शस्त्रक्रियेसाठी लावला गेला.

आपल्या ओळखीच्या कंदिलाचा आकार अमेरिकेतला. दोन्ही बाजूंना वाकलेल्या पत्र्याच्या नळ्या आपण धरायच्या मुठी समजत आलो. वास्तविक त्या कंदिलाच्या नाकपुड्या आहेत. जॉन अर्विन यांनी १८६०-७०च्या दशकांत ही रचना बसवली. आधीच्या प्रकारात काचेतून वर गेलेली गरम, अर्धी वापरलेली हवा थोड्या ताज्या हवेसोबत नळ्यांतून परत बर्नरखाली येई. नंतरच्या प्रकारात नळ्यांतून फक्त थंड, ताजी हवा खाली येऊ लागली आणि उजेड वाढला. बाहेर वारा सुटला तरी ज्योतीला हवा ठरलेल्या वाटेनेच मिळते, म्हणून कंदील विझत नाही. मळ्यात रात्रीचं पाणी धरायला जाणाऱ्याच्या हातात चिमणी नसे, कंदील असे, ते यासाठीच.

हा कंदील मराठी मुलखात घडू लागला तो कऱ्हाडजवळ. त्याआधी पैसा फंडाने तळेगावात काचकारखाना उभा केला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत हा फंड जमवला होता. दिव्याची काच परदेशातून आणावी लागू नये ही त्या काळाची तळमळ होती. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानात, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने काचकारखाना काढला. त्याभोवती ओगलेवाडी वसली आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. कंदिलाची काच ही नुसती शोभा नाही. ती बर्नरवर नीट बसली नाही, फट राहिली, तर हवा भलत्या वाटेने शिरते आणि ज्योत फडफडते. गरम काचेवर पावसाचा थेंब पडला तर तडकू नये, असा तिचा कस लागतो. संध्याकाळी राखेने काच पुसणं आणि वातीचे कोपरे कातरणं ही पोरांची कामं होती. वातीचे कोपरे तसेच राहिले तर ज्योतीला शिंगं फुटतात आणि काचेवर दोन काळे पट्टे उमटतात. मंचर-जुन्नरच्या घरांत हे सगळ्यांना ठाऊक असे, फक्त त्यामागे हवेचं शास्त्र आहे हे कुणी सांगितलेलं नसे.

आता दुसरी शाखा, स्टोव्हची. १८९२ साली स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी प्रायमस स्टोव्ह आणला. त्यात वातच नाही. टाकीत पंपाने दाब द्यायचा, रॉकेल वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते, आणि ती वाफ निपलच्या केसाएवढ्या भोकातून जोराने बाहेर पडताना भोवतालची हवा ओढून घेते. जळण्याआधीच वाफ आणि हवा एकत्र होतात, म्हणून ज्योत निळी. बर्नर आधी तापवायला स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा लावायचा. तो पुरता जळायच्या आत पंप मारला तर वाफेऐवजी रॉकेलच उसळतं आणि भडका उडतो. भोकात कचरा अडकला की पिन मारायची. ती तिरपी गेली तर भोक मोठं होतं, ज्योत पिवळी पडते आणि नवं निपल घ्यावं लागतं. वॉशर सुकलं तर त्याला तेल पाजायचं. एस.टी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीपासून बदलीच्या गावी एका खोलीत राहणाऱ्या मास्तरांपर्यंत हे सगळ्यांच्या हातात बसलेलं होतं.

पंपाचा स्टोव्ह आवाज फार करी आणि त्याची भीतीही वाटे. ज्यांना तो नको होता त्यांच्यासाठी वातीचा स्टोव्ह होता, पण तो रॉकेल खाई आणि धूर सोडी. त्यावरचं चांगलं काम आपल्याच देशात झालं. इंडियन ऑइलच्या फरिदाबादच्या संशोधन केंद्राने १९७७ मध्ये ‘नूतन’ स्टोव्ह तयार केला. वाती गोलाकार मांडलेल्या, आणि त्यांच्या वर एकात एक बसणाऱ्या भोकाभोकांच्या पत्र्याच्या नळ्या. त्या भोकांतून हवा एकदम न शिरता टप्प्याटप्प्याने शिरते, त्यामुळे वाफ वर चढता चढता पुरती जळते आणि वर निळी ज्योत दिसते. ६० टक्क्यांच्या आसपास उष्णता भांड्याला पोहोचवणारा हा स्टोव्ह होता. खनिज तेलाच्या भावाचा धक्का देशाने नुकताच सोसला होता, तेव्हा या सुधारणेला मोठं मोल होतं. वाती एका पातळीत ठेवल्या नाहीत तर मात्र नूतनही काळं ओके, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर स्टोव्ह उघडून वाती सारख्या करण्याचा कार्यक्रम घरोघर चाले.

या दोन शाखा पुन्हा भेटल्या त्या गॅसबत्तीत. ऑस्ट्रियाचे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ पासून मेंटलवर, म्हणजे ज्योतीवर चढवायच्या पिशवीवर, काम केलं आणि १८९१ मध्ये त्याचं योग्य मिश्रण त्यांना सापडलं: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड, १ टक्का सेरियम ऑक्साइड. निळ्या ज्योतीत कार्बनचे कण नाहीत म्हणून उजेड नाही. मग उजळण्याचं काम या मेंटलने करायचं. थोरियम ज्या मोनाझाइट वाळूतून मिळे, ती १९०९ मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावर आढळली आणि मेंटलच्या धंद्यासाठी जहाजं भरभरून बाहेर गेली. बर्लिनच्या माक्स ग्रेट्झ यांच्या कारखान्याची पेट्रोमॅक्स विसाव्या शतकाच्या आरंभी आली. रचनेच्या अंगाने पाहिलं तर ती मेंटल चढवलेला पंपाचा स्टोव्हच आहे.

नारायणगावला गॅसबत्ती विसरता येणार नाही. मीना नदीकाठचं हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. यात्रा-जत्रांच्या सुपाऱ्या द्यायला गावोगावचे पुढारी इथल्या राहुट्यांत येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर आणि विठाबाई यांचं हे गाव. जनित्रं येण्याआधी तमाशाचा फड उजळे तो आधी टेंभ्यांनी आणि नंतर गॅसबत्त्यांनी. टेंभ्याच्या हलत्या उजेडात नाचणारीचा चेहरा पुढच्या रांगांनाच दिसे. गॅसबत्ती टांगली की मागच्या बैलगाडीवर बसलेल्यालाही वगातली मुद्रा दिसू लागली. सर्वांत पुढे उभं राहून रेटारेटी करण्याची गरज त्यामुळे थोडी तरी कमी झाली असणार.

बत्ती पेटवणं हे मुरलेल्या माणसाचं काम. नवं मेंटल म्हणजे मऊ कापडाची पिशवी. ती दोऱ्याने नीट चुण्या करून बांधायची. पहिल्यांदा जाळली की कापड जातं आणि ऑक्साइडचा ठिसूळ सांगाडा तेवढा उरतो. त्यानंतर त्याला बोट लावायचं नाही. वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचं, वाफेची नळी तापू द्यायची, मग पंप. चावी फिरवली की आधी पिवळी जीभ आणि धूर, क्षणभराने सूं असा आवाज धरतो आणि मेंटल पांढरंशुभ्र होतं. काचेच्या फटीतून एखादा किडा आत शिरून मेंटलवर आपटला की त्याला भोक पडतं, भोकातून निघालेली ज्योत काच तडकवते. वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणारा माणूस म्हणूनच पाय जपून टाकी.

गॅसबत्ती एवढी चांगली, तर ती झोपडीत का गेली नाही? ती महाग, तिला स्पिरिट लागतं, मेंटल पुन्हा पुन्हा बदलावं लागतं, पंप मारत राहावं लागतं. ती भाड्याने लग्नाला यायची आणि परत जायची. चिमणी मात्र रोज जळत राहिली. शंभर वर्षांतल्या सगळ्या सुधारणा पैसा असलेल्या घराशी, दुकानाशी, फडाशी थांबल्या आणि सर्वांत जास्त रात्री जळणारा दिवा सर्वांत कमी सुधारला. मला या कुळकथेतली सर्वांत बोचणारी गोष्ट ही वाटते.

ती दुरुस्त करायला निघालेले लोक फलटणचे. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापली. फ्लोरिडा विद्यापीठातून पीएच.डी. घेऊन परतलेले अनिल राजवंशी १९८१ मध्ये तिथे आले. गोड ज्वारीपासून अल्कोहोल काढून त्यावर दिवा चालवता येईल का, इथून त्यांचं काम सुरू झालं आणि त्यातून ‘नूरी’ कंदील आकाराला आला. राजवंशींनी आपल्या मुलीचं नाव त्याला दिलं. तो अल्कोहोलवरही चाले, रॉकेलवरही. दाब कमी, आवाज कमी, आणि उजेड १०० वॅटच्या जुन्या बल्बइतका. पुढे त्यांना एक साधी गोष्ट खटकली. मेंटलच्या दिव्यातसुद्धा इंधनाच्या उष्णतेचा शंभरावा भागही उजेड होत नाही. बाकीची सगळी छताकडे जाते, आणि ती लहान शेगडी चालावी एवढी असते. त्याच वेळी त्याच घरात, दोन हातांवर, बाई ओल्या लाकडाच्या धुरात स्वयंपाक करत असते. त्यांच्या ‘लॅनस्टोव्ह’ने ही उष्णता धरली. खाली मेंटलचा दिवा, वर शिजणारं अन्न: एकाच ज्योतीवर घर उजळायचं आणि जेवण व्हायचं. फलटण भागातल्या झोपड्यांत तो वापरून पाहिला गेला. दिव्याची आणि चुलीची फुटलेली शाखा तिथे जाणीवपूर्वक जोडली गेली. राजवंशींना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

चिमणीचा दुसरा दोष सुरक्षिततेचा. उंच, हलकी बाटली कलंडते, सैल झाकण निघतं आणि कपडे पेट घेतात. श्रीलंकेचे शल्यविशारद विजय गोडकुंबुरा यांनी भाजलेले रुग्ण पाहून १९९०च्या दशकात स्वतःच दिवा घडवला: बुटकी, जाड काचेची, जड बाटली, आटे असलेलं धातूचं झाकण आणि दोन बाजू सपाट, म्हणजे पडली तरी घरंगळत नाही. १९९८ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. वात तीच, रॉकेल तेच. बदलला तो बाटलीचा आकार. आपल्याकडे ‘स्टोव्हचा भडका’ या दोन शब्दांखाली किती सुनांची मरणं नोंदली गेली, त्यातली किती अपघाताची होती आणि किती नव्हती, हे आठवलं की जड बूड आणि घट्ट झाकण या गोष्टी किरकोळ वाटत नाहीत.

आता रेशनचं निळं रॉकेल जवळजवळ गेलं. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत सिलिंडर आले, वीज आली, सौरदिवे आले. रॉकेल गेल्याचं दुःख करण्याचं कारण नाही. पण डिंभ्याच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या पावसात, सिलिंडर संपला आणि पुढचा आणायला डोंगर उतरावा लागला की चूल पेटतेच. ओलं लाकूड, कमी हवा, डोळ्यांत धूर. चिमणीचा जो दोष होता तोच इथेही आहे. म्हणून या चुलीसाठी जे काही सुचवलं जाईल, ते रॉकेलच्या ज्योतीने घालून दिलेल्या कसोट्यांवर तपासावं. ज्योतीला हवा कुठून आणि किती मिळते? ते कलंडलं तर काय होतं? आणि बिघडलं तर त्याची पिन, वॉशर, वात घोडेगावच्या दुकानात मिळते का? ओगलेवाडीचा कंदील आणि नूतन स्टोव्ह घराघरांत टिकले ते त्यांची काच, वात बाजारात मिळत होती म्हणूनही. रॉकेलवर झालेल्या कष्टांचा हा धडा लाकडाच्या चुलीला लावणं, हे आज जुन्नर-आंबेगावात करण्याजोगं काम आहे.