विहीर खोल गेली, पाणी कोणाचे गेले?

पाण्याचा विषय निघाला की आपण महाडपासून सुरुवात करतो. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण पाणवठ्यावर जाण्याचा हक्क मिळाला आणि पाणवठ्यातच पाणी उरले नाही, तर काय? हा पुढचा इतिहास आपण फारसा वाचलेला नाही.

१९७२ च्या दुष्काळात गावोगावच्या विहिरी आटल्या. त्यावर सर्वांना सुचलेला सोपा उपाय एकच होता: विहीर खोल करा. यारी लागली, सुरुंग उडाले, बिले निघाली. पण जमीन बिलाप्रमाणे वागत नाही.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. हा खडक लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला. पाणी साठते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकात आणि भेगांत. त्याखाली अखंड पाषाण लागला की कितीही खोदा, नवा झरा लागेलच असे नाही. मग विहीर म्हणजे नुसता मोठा हौद होतो. उलटेही घडते. सुरुंगाने तळाचा खडक तडकला तर वरच्या थरातले पाणी त्या भेगेतून खाली निघून जाऊ शकते. जुने दगडी बांधकाम हादरून ढासळते, ते वेगळेच.

दुसरी अडचण पंपाची. काठावर बसवलेला साधा पंप हवेच्या दाबाच्या जोरावर पाणी ओढतो. हा दाब हिशेबाने सुमारे १० मीटर आणि प्रत्यक्षात ६-७ मीटरपर्यंतच पाणी वर चढवतो. विहीर त्याखाली गेली की पंपही विहिरीत उतरवावा लागतो. डिझेल इंजिन आत उतरवले तर त्याचा विषारी धूर विहिरीतच कोंडतो, आणि दुरुस्तीला उतरलेला माणूस गुदमरू शकतो. विहिरीत उतरणारा माणूस बहुतेक वेळा कोणत्या वस्तीतला असतो, हे आम्ही सांगायला नको.

तिसरी अडचण पाण्याचीच. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात खोल जावे तसे पाणी अधिक खारट लागते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आढळते. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडे आखडतात. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला ठीक, म्हणून कोणी तक्रारही करत नाही.

काही मित्र म्हणतील, हे इंजिनिअरचे काम आहे, यात जात कुठून आली? जात विहिरीच्या जागेत आहे. सत्तरच्या दशकात बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरले, कारण बोले ठरावाला पन्नास वर्षे होत आली तरी गावाची विहीर वेगळी आणि वस्तीची वेगळी होती. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो, तिथली जुनी विहीर बहुधा लहान आणि उथळ आहे. जमिनीखालचे पाणी मात्र दोन्ही विहिरींना एकच. एका विहिरीतून जोरात उपसा झाला की आजूबाजूची पातळी खचते, आणि सर्वांत आधी कोरडी पडते ती उथळ विहीर.

एका गावात आम्ही हे पाहिले. गावची विहीर खोल झाली, मोटर बसली. पुढच्याच वर्षी वस्तीची विहीर होळीआधी आटली. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, "पाऊसच कमी झाला." पाऊस सगळ्या गावाला कमी झाला होता, आटली फक्त आमची विहीर. वस्तीतली आजी म्हणाली, "आधी शिवू देत न्हवते, आता न शिवताच नेलं." शिवाशिवीचा फलक न लावता पाणी हिरावून घेता येते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

म्हणून आपण खोलीकरणाला विरोध करायचा का? नाही. पाणी हवेच आहे. पण ग्रामसभेत विहिरीच्या खोलीकरणाचा ठराव आला की गप्प बसायचे नाही. भूजल सर्वेक्षणाने जागा तपासली का? खाली कोणता थर आहे? खोल झाल्यावर पाण्याची तपासणी कोण करणार आणि अहवाल कुठे लावणार? वस्तीच्या विहिरीची पातळी आधी आणि नंतर मोजणार का? पिण्याच्या सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास १९९३ च्या भूजल कायद्याने बंदी घातली. उसाला पाणी देणाऱ्या किती विहिरी गावात या अंतरात आल्या, हे कोणी तरी टेप घेऊन मोजले पाहिजे. ते आपण मोजू.

बोले ठरावाचा पाया साधा होता: ज्यावर सार्वजनिक पैसा लागतो ते सर्वांचे. तो पैसा आज सुरुंगावर आणि मोटरवर लागतो, तर जमिनीखालचे पाणीही सर्वांचेच. महाडला आपल्या माणसांनी ओंजळ भरली. आता दोरीला दगड बांधून पातळी मोजायची आणि वहीत लिहून ठेवायची. पुढच्या ग्रामसभेत भाषणाआधी ती वही टेबलावर ठेवा.

जय भीम!