परभाषेची निवड

जून महिना आला कीं सुशिक्षित घरांतून एक प्रश्न दरसाल निघतो. मुलगा किंवा मुलगी कॉलेजांत जावयाची असते, प्रवेशाच्या अर्जांत भाषेचा रकाना रिकामा असतो, आणि त्यांत काय लिहावें याचा घरांतील वडील मंडळी खल करूं लागतात. संस्कृत घेतल्यास गुण चांगले पडतात, असें एकजण म्हणतो. जर्मन किंवा जपानी शिकल्यास परदेशीं नोकरीची सोय होते, असें दुसरा सांगतो. आणि ‘परभाषा हवीच कशाला, इंग्रजी पुरे नाहीं काय?’ असें म्हणून तिसरा वाद मिटवूं पाहतो. गेल्या वर्षीं आमच्याच घरीं भाचीच्या निमित्तानें हा वाद झाला. तिला इतिहासाची आवड. ‘मी फारसी घेणार’ असें तिनें म्हणतांच सर्व मंडळी स्तब्ध झाली. आम्हीही प्रथम तिला परावृत्त करावयासच निघालों होतों. परंतु त्यासाठीं पूर्वीचे दाखले शोधूं लागलों, तों ते दाखले आमच्याच विरुद्ध साक्ष देऊं लागले. ते वाचकांपुढें ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

फारसी आज आपणांस परकी वाटते. परंतु बहामनी काळापासून कित्येक शतकें दक्षिणेंतील दरबारांचें लिखाण याच भाषेंत होत असे. पेशवा, फडणीस, चिटणीस, दप्तर, अर्ज, हुकूम हे शब्द आपण उच्चारतों तेव्हां त्या दरबारांचा उंबरठाच ओलांडीत असतों. शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश रचवून यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देवविले, यावरूनही कारभारांत त्या शब्दांचा शिरकाव किती झाला होता तें कळून येतें. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर पुढील पिढ्यांना संस्कृताप्रमाणें फारसीही घेतां येत असे. तथापि आमच्यासारख्या घरांचा ओढा संस्कृताकडेच राहिला.

या रिवाजाबाहेर गेलेल्यांत माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे कवि माधव जूलियन, यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. १८९४ सालीं बडोद्यास जन्मलेले हे गृहस्थ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत व पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत फारसी शिकवीत. एवढ्यावरच ते थांबते, तर त्यांची गणना केवळ एका विषयाच्या शिक्षकांत झाली असती. परंतु जी भाषा त्यांनीं आत्मसात् केली, तिचें ऋण त्यांनीं मराठीस तीन प्रकारांनीं फेडलें. १९२५ सालीं त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला, आणि जुने कागद वाचतांना पदोपदीं अडणाऱ्या संशोधकांच्या हातीं काठी आली. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनीं मूळ फारसीवरून मराठींत आणिल्या. फिट्झेराल्डच्या प्रसिद्ध इंग्रजी रूपांतराचाही अनुवाद त्यांनींच निराळा केला, त्यामुळें मूळ कवि कोणता व रूपांतरकार कोणता हें मराठी वाचकास ताडून पाहतां आलें. आणि ‘गज्जलांजलि’ या संग्रहानें गझलेची रचना त्यांनीं मराठींत रुजविली.

याहून विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. याच फारसीच्या अध्यापकानें १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून मराठींतील अनावश्यक परकी शब्द काढून टाकण्याचा पक्ष मांडला. कित्येकांस यांत विसंगति दिसते. आम्हांस ती दिसत नाहीं. त्यांचा पक्ष मान्य करा अथवा न करा. परंतु घरांत कोणता पाहुणा केव्हां आला व कोठें स्थिरावला, हें ज्यास ठाऊक आहे, त्यानेंच त्याला निरोप देण्याची भाषा करावी. परभाषेच्या अभ्यासानें स्वभाषेचा अभिमान क्षीण होतो, ही समजूत या एका उदाहरणानेंही खोटी ठरते.

‘भाषांतरें आहेत, मग मूळ भाषा कशाला?’ हा आक्षेप आमच्या घरींही निघाला. त्याचें उत्तर इलियट आणि डाउसन यांचे १८६७ ते १८७७ पर्यंत प्रसिद्ध झालेले आठ खंड देतात. फारसी बखरकारांची ओळख आपल्याकडील कित्येक पिढ्यांना या इंग्रजी उताऱ्यांवरूनच झाली. आतां हे उतारे वेंचले कोणीं? ब्रिटिश अधिकाऱ्यानें. हे ग्रंथ वाचून ब्रिटिश राज्याचे फायदे एतद्देशीयांच्या अधिक लक्षांत येतील, अशा आशयाचें इलियटनें स्वतःच प्रस्तावनेंत लिहून ठेविलें आहे. भाषांतर वाचणारा मनुष्य दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पितो. ओंजळींत किती घ्यावें व काय गाळावें, हें त्याच्या हातीं नसतें. सर यदुनाथ सरकार मूळ फारसी कागदांपर्यंत गेले. मराठी साधनांकरितां मराठीही शिकले. आणि गोविंद सखाराम सरदेसायांशीं त्यांचा जन्माचा स्नेह जडला. एकाचें बळ फारसींत, दुसऱ्याचें मोडी दप्तरांत. दोघांच्या सहकार्यानें मराठ्यांच्या इतिहासाचें केवढें काम उभें राहिलें, हें सर्वश्रुत आहे.

फारसीची जी गोष्ट, तीच पोर्तुगीजची. माधव जूलियन यांच्याच जन्मवर्षीं, १८९४ सालीं, गोव्यांत पांडुरंग पिसुर्लेकर जन्मले. तेथें पोर्तुगीज ही राज्यकर्त्यांची भाषा. कोणी ती नोकरीपुरती शिकला, कोणी प्रतिष्ठेपुरती. पिसुर्लेकरांनीं तीच भाषा घेऊन गोव्याच्या दप्तरखान्याचीं दारें उघडलीं. पावसाळी वाऱ्यांच्या हंगामानें ये-जा करणाऱ्या गलबतांतून लिस्बनशीं चालणारा पत्रव्यवहार, शेजारच्या राजांस धाडलेलीं पत्रें, राज्यमंडळाच्या बैठकींचे वृत्तांत, या सर्वांत शिवाजी, संभाजी व पेशवे यांच्या हालचाली नोंदलेल्या होत्या. संभाजी महाराजांची १६८३ ची गोव्यावरील स्वारी किंवा १७३९ चा वसईचा विजय हे प्रसंग शत्रूच्या डोळ्यांनीं कसे दिसले, हें त्या कागदांवांचून कळणार कसें? त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ १९६७ सालीं पुणें विद्यापीठानें प्रसिद्ध केला. १९६१ नंतर गोव्यांतून ती राजवट गेली, तें योग्यच झालें; परंतु तिच्याबरोबर ती भाषा सहज वाचणारी पिढीही ओसरत गेली. कागद मात्र जागच्या जागीं आहेत.

एवढें वाचून प्रत्येक मुलानें परभाषा घ्यावीच, असा आमचा आग्रह आहे असें कोणीं समजूं नये. दोन वर्षें धातूंचीं रूपें घोकावयाचीं, परीक्षेत गुण मिळवावयाचे आणि निकाल लागतांच पुस्तकें रद्दींत घालावयाचीं, याहून वेळेचा मोठा अपव्यय नाहीं. नोकरीकरितां भाषा शिकणें हेंही कमीपणाचें नव्हे. पोट सर्वांसच आहे. आमचें म्हणणें इतकेंच, कीं ‘कोणती भाषा सोपी?’ हा प्रश्न मागें ठेवून ‘या भाषेंतलें मला काय वाचावयाचें आहे?’ हा प्रश्न विद्यार्थ्यास आधीं विचारावा. त्याचें उत्तर त्याच्याजवळ असेल, तर वडिलांनीं आड येऊं नये. नसेल, तर गुणांच्या लोभानें ती भाषा त्याच्या गळ्यांत बांधूं नये.

आमच्या भाचीस आम्हीं हाच प्रश्न केला. ती म्हणाली, ‘मामा, औरंगजेबाच्या छावणींतून निघालेलीं बातमीपत्रें मला स्वतः वाचावयाचीं आहेत.’ आम्हीं मुकाट्यानें अर्ज तिच्या हातीं दिला. ती अजून अक्षरांशींच झटत आहे. उजवीकडून डावीकडे वाचतांना तिची ओळ चुकते, आणि नुक्त्यांनीं तर तिला अगदीं जेरीस आणिलें आहे. परंतु परवां तिनें माधव जूलियन यांच्या कोशाची एक जीर्ण प्रत ग्रंथालयांतून घरीं आणिली. रात्रीं उशिरां तिच्या खोलींत दिवा दिसला, तेव्हां तो मालवावयास सांगण्याचें आमच्या मनांत आलें नाहीं.