पूर ओसरल्यावर

अक्कलकोट रोड एमआयडीसीत पुरावर बोलायचं म्हटलं की सप्टेंबर २०२५ मधली सीना तुमच्या डोळ्यांपुढे येणारच. माढा, मोहोळकडची माणसं तुमच्यात असतील. पण मी आज तुम्हाला जरा मागे नेतो, १२ जुलै १९६१ च्या पुण्यात.

त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं. मुठेकाठचं जुनं पुणं पाण्यात गेलं. खडकवासला गेलं म्हणजे शहराचं पिण्याचं पाणीही गेलं. लोक वाड्यांतल्या आडांकडे वळले. पुनर्वसनाची सूत्रं स. गो. बर्वे यांच्याकडे आली. ते पूर्वी पुण्याचे महापालिका आयुक्त होते, शहर त्यांना नकाशात शोधावं लागलं नाही. गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. १९६२ मध्ये शिवाजीनगरकरांनी बर्व्यांना विधानसभेवर पाठवलं.

इथेच थांबलो तर ही नुसती गौरवगाथा होईल. पूरग्रस्तांच्या शंभराहून अधिक सहकारी गृहसंस्था झाल्या, आणि त्यांच्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न अर्धशतक उलटल्यावरही सरकारदरबारी पडून होता. छप्पर मिळालं, हक्क राहिला. आता बघा, छप्पर दयेपोटीही देता येतं. हक्क द्यायचा तर समोरच्याला नागरिक मानावं लागतं.

म्हणून मला पंचनामा हा फार गंभीर कागद वाटतो. तलाठी शेत लिहितो, घर लिहितो, जनावर लिहितो. पण भाड्याच्या खोलीतला यंत्रमाग कामगार? टॉवेलचा कारखाना आठवडाभर बंद राहिला, तर त्याची बुडालेली मजुरी कुठल्या रकान्यात लिहायची? जे लिहिलंच जात नाही, त्याची भरपाई मागायची कशी?

आणि मागायची कोणाकडे? पानशेत फुटलं त्याच १९६१ सालच्या कायद्याने औद्योगिक विकास महामंडळ आलं. १ ऑगस्ट १९६२ ला ते स्थापन झालं. भूखंडाला महामंडळ, शहराला महापालिका, गावाला पंचायत आणि तहसील. या हद्दी आपण आखल्या. पाणी हद्द बघत नाही, उतार बघतं.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. पावसाळ्याआधीच वस्तीवार यादी करा, भाडेकरूंसकट. नाला कोणाचा, हे मे महिन्यात ठरवा. पूर आल्यावर माणसाला वाचवायचं असतं. तेव्हा तो कोण, कुठला, हे शोधत बसायची वेळ येऊ नये.