गाडीचं कर्ज, गळ्यात मारलेलं जीपीएस आणि परत आलेले पैसे

गाडीच्या कर्जात फसवून काही विकलं असेल तर पैसे परत मिळतात का? इंग्लंडमधल्या भरपाईच्या बातम्या वाचून काही जणांनी मला हे विचारलं. तिथे व्याजदर वाढवला की डीलरचं कमिशन वाढायचं आणि गिऱ्हाइकाला ते कळायचंही नाही. २०२१ मध्ये ही पद्धत बंद झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि मग नियामकाने सगळ्यांसाठी भरपाई योजना मांडली.

आपल्याकडेही पैसे परत आलेत, पण कसे ते बघा.

२०१३-१४ ते २०१९-२० या काळात एचडीएफसी बँकेच्या वाहनकर्जाबरोबर जीपीएस यंत्रही विकलं गेलं. किंमत अठरा-एकोणीस हजारांच्या घरात, तीही बहुतेकदा कर्जातच धरलेली. हे बाहेर आलं ते एका जागल्याने रिझर्व्ह बँकेकडे तक्रार केल्यामुळे. मे २०२१ मध्ये बँकेला १० कोटींचा दंड झाला. कारण काय, तर बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ६(२) आणि ८ चा भंग. म्हणजे बँकेने करू नये तो धंदा केला. गिऱ्हाइकाची फसवणूक हा मुद्दा त्या कलमांत नाहीच! आणि दंडातला एक रुपयाही कर्जदाराच्या हातात पडत नाही.

जूनमध्ये बँकेने जाहीर नोटीस काढून जीपीएसवरचं कमिशन परत करू म्हटलं. कमिशन, यंत्राची किंमत नव्हे. पैसे हप्त्याच्या खात्यात येणार होते. खातं बदललेल्यांनी ३० दिवसांत कळवायचं होतं.

याची मुळं जुनी आहेत. १९७२ मध्ये संसदेने भाडे-खरेदी कायदा केला. करारात रोख किंमत आणि हप्त्यांची एकूण किंमत वेगळी दाखवा, ठरावीक हिस्सा भरून झाल्यावर कोर्टाशिवाय वस्तू ओढून नेऊ नका, अशा तरतुदी त्यात होत्या. तो कायदा कधी लागूच झाला नाही. २००५ मध्ये गुपचूप रद्द झाला. हप्त्यावर रिक्षा-टेम्पो घेणाऱ्या दोन पिढ्या त्याच्याविना गेल्या.

आज हातात काय आहे? १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायलाच हवं. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. घोडबंदर रोड असो की कल्याण-शीळ रस्ता, शोरूममध्ये सही करण्याआधी तो कागद मागा. विमा, वॉरंटी, ॲक्सेसरीज, एकेक ओळ वाचा.

घोळ दिसला तर आधी बँकेला लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, चौकशीसाठी १४४४८. दुसरी वाट ग्राहक आयोगाची. २० जुलै २०२० पासून तक्रार आपण राहतो तिथे करता येते, म्हणजे कल्याण-डोंबिवलीकरांना ठाणे. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

इंग्लंडसारखी सर्वांसाठीची योजना इथे नाही. इथे प्रत्येकाची लढाई प्रत्येकाच्या फायलीवर उभी असते. म्हणून कर्ज फिटलं, एनओसी मिळाली, आरसीवरचा बोजा उतरला, तरी ती फाईल रद्दीत टाकू नका.