कवच कुणाचे, अंगठा कुणाचा?

आमच्या वस्तीतला एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे रंकाळ्यावर धावतो, दुपारी अभ्यासिकेत बसतो. त्याच्या मोबाईलच्या स्टेटसला कर्ण आहे. अंगावर सोन्याचे कवच, कानांत कुंडले, मागे तळपता सूर्य. आम्ही विचारले, "कर्णच का रे?" तो म्हणाला, "त्यालाही भर सभेत जात विचारली होती. कर्ण आपला माणूस."

कोल्हापुरात हे उत्तर नवे नाही. मूळचे आजऱ्याचे शिवाजी सावंत कोल्हापुरात शिक्षक होते. १९६७ साली त्यांची 'मृत्युंजय' आली आणि सूतपुत्र म्हणून हिणवलेला कर्ण घराघरांत पोचला. आम्हीही ती रात्र जागून वाचली, रडलोही. पण मित्रांनो, रडून झाल्यावर मूळ महाभारत उघडायला हवे. तिथे कवच कुणाला मिळते, कुणाकडून काढून घेतले जाते आणि शेवटी कुणाच्या जिवावर बेतते, हे तपासायला हवे.

आदिपर्वात राजपुत्रांच्या शस्त्रविद्येचे प्रदर्शन भरते. कर्ण येतो आणि अर्जुनाला आव्हान देतो. कृपाचार्य त्याचे कौशल्य तपासत नाहीत, कुळ विचारतात. कर्णाची मान खाली जाते. भीम त्याला चाबूक हातात घ्यायला सांगतो. इथपर्यंतचे दुःख आपल्या ओळखीचे आहे. शाळेत, मुलाखतीत, भाड्याने खोली शोधताना आपण हे सोसलेले आहे. पण कर्णाची बाजू घेणारा दुर्योधन काय म्हणतो? कवचकुंडलांसह जन्मलेला असा वाघ हरिणीच्या पोटी कसा येईल? म्हणजे मित्रसुद्धा त्याला जन्माच्याच मापाने मोजतो. कर्णाचे कवच हा त्याच्या अंगावर चिकटलेला जातीचा दाखलाच आहे! हा मुलगा सारथ्याचा नव्हे, देवाचा आणि क्षत्रिय राजकन्येचा, हे ते कवच वाचकाला सतत सांगत राहते. सारथ्याचा खराखुरा मुलगा इतका शूर असू शकतो, एवढी साधी गोष्ट ही कथा मान्य करायला तयार नाही.

आता या कवचाचा पुढचा हिशेब पाहा. वनपर्वात इंद्र ब्राह्मणाचे सोंग घेऊन कवचकुंडले मागायला येतो. सूर्याने कर्णाला आधीच सावध केलेले असते. मेल्यावर कीर्तीचा काय उपयोग, असेही समजावलेले असते. पण कर्णाला दानशूर म्हणून नाव हवे असते. तो कवच अंगावरून कापून देतो आणि बदल्यात एकदाच वापरता येणारी शक्ती घेतो. ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली असते. प्रत्यक्षात द्रोणपर्वात ती पडते घटोत्कचावर, रानातल्या हिडिंबेच्या मुलावर. पांडव रडत असतात आणि कृष्ण आनंदाने नाचतो. का? तर अर्जुन वाचला. पुढे कृष्ण हेही सांगतो, की घटोत्कच यज्ञाचा आणि ब्राह्मणांचा द्वेष्टा होता, कर्णाने मारला नसता तर मलाच मारावा लागला असता. जो मुलगा पांडवांच्या बाजूने लढता लढता मेला, त्याच्याविषयी हे बोल आहेत!

त्याच प्रसंगात कृष्ण एकलव्याचे नाव घेतो. निषादपुत्राचा अंगठा तुझ्याच हितासाठी गेला, असे अर्जुनाला सांगतो. एकलव्याला जन्मजात कवच नव्हते. कुणा देवाने त्याला वर दिला नव्हता. त्याच्याकडे मातीची मूर्ती होती आणि रोजचा सराव होता. भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड सात बाणांनी बंद करण्याइतकी विद्या त्याने स्वतःच्या कष्टाने मिळवली. म्हणूनच त्याची भीती जास्त होती. जन्माने मिळालेले कवच त्या व्यवस्थेला समजते. कष्टाने मिळवलेली विद्या तिला सहन होत नाही.

मग कर्णात आपले काहीच नाही का? आहे. उद्योगपर्वात कृष्ण त्याला त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण नकार देतो. राधेने वाढवले, अधिरथाने संस्कार केले, बायकामुले सूतांतली आहेत, त्यांना सोडणार नाही, असे तो सांगतो. आमच्या मते कर्णाचा खरा पराक्रम तो हाच. मोठ्या पदावर गेल्यावर आडनाव लपवणाऱ्या, वस्तीचा रस्ता विसरणाऱ्या आपल्याच बांधवांनी हा प्रसंग वाचावा.

पण द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रे उतरवायला सांगणाराही हाच कर्ण आहे. स्वयंवरात तिने त्याचा अपमान केला होता, म्हणून त्याने सूड घेतला, असे समर्थन ऐकू येते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत तो अपमान मुख्य संहितेत घेतलेला नाही. सभेतले कर्णाचे शब्द मात्र आहेत. स्वतः अपमान सोसला म्हणून बाईचा अपमान करण्याचा परवाना मिळत नाही. हे आपल्या चळवळीतल्या पुरुषांनाही लागू आहे.

'तुझे कुळ कोणते' हा रंगभूमीवरचा प्रश्न पुराणात राहिलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो आपल्या पंचगंगेच्या काठावर विचारला गेला आणि तोही गादीवर बसलेल्या छत्रपतीला. कार्तिक स्नानाच्या वेळी पुरोहित शाहू महाराजांसाठी पुराणोक्त मंत्र म्हणत होता, कारण त्याच्या लेखी महाराज शूद्र होते. राज्य, घोडदळ, तलवारी, काहीही त्या प्रश्नाआड आले नाही. सुरुवातीला वाद राजघराणे क्षत्रिय की शूद्र यावरच होता. महाराज तिथेच थांबले असते, तर तेही कर्णासारखे कुळाचा पुरावा दाखवत बसले असते. ते थांबले नाहीत. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी, आजच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात, अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषवले. वय अवघे २८. महाराज स्वतः तिथे गेले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असे लोकांना सांगितले. या सगळ्यात एकही बाण सुटलेला नाही. तरी शौर्य म्हणायचे ते यालाच.

बाबासाहेबांनी युद्धाची एक गोष्ट स्वतः लिहून ठेवली आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या त्यांच्या महानिर्वाणानंतर १९५७ साली निघालेल्या ग्रंथात सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण होते. सेनापती संघापुढे युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उभा राहतो, विरोध करतो, चौकशी करून वाद मिटवा म्हणतो आणि मतदानात हरतो. घरच्यांवर बहिष्काराची, जमीन जप्तीची धमकी येते. तरी तो शस्त्र घेत नाही, परिव्रज्या पत्करतो. क्षत्रियाच्या घरात जन्मलेल्या माणसाने सभेत एकट्याने केलेला हा विरोध आम्हाला कुरुक्षेत्राच्या अठरा दिवसांहून मोठा वाटतो.

आपल्यापैकी कुणी कवच घेऊन जन्मले नाही. आपले कवच लिहावे लागले. संविधानाचे १७ वे कलम, राखीव जागा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हे ते कवच. आणि ते मागायला आजही सोंग घेऊन लोक येतात. 'तू तर शिकलास, आता सवलत सोड, मोठ्या मनाचा हो.' दानशूर म्हणवून घेण्याच्या मोहात पडू नका. हे कवच एकट्याचे नाही, त्यामुळे ते दान करण्याचा अधिकारही एकट्याला नाही. २०१८ साली न्यायालयाच्या निकालाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार बोथट झाली, तेव्हा २ एप्रिलला देशभर लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी संसदेला दुरुस्ती करावी लागली. कर्ण एकटा होता. आपण एकटे नाही.

त्या मुलाला आम्ही हे सगळे सांगितले. त्याने स्टेटस लगेच बदलले नाही आणि आम्हीही आग्रह धरला नाही. तो एवढेच म्हणाला, "मग एकलव्याने अंगठा द्यायला नकोच होता." आम्ही म्हणालो, "नकोच होता. तू देऊ नकोस." दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा रंकाळ्यावर धावत होता.

जय भीम!